काडतूस महागलं, म्हणून घरी भरायचं का?

नोव्हेंबर २०१९ मध्ये दोह्याच्या उत्तरेला, लुसैलच्या शूटिंग संकुलात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने तिथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी गाठली आणि टोकियो ऑलिंपिकची एक जागा भारतासाठी पक्की केली. तेव्हा या प्रकारात एकट्या पात्रता फेरीला १२० गोळ्या लागत. गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून, प्रत्येकी चाळीस. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने ही संख्या निम्म्यावर आणली, प्रत्येकी वीस. पण घरचं काडतुसांचं बिल काही निम्मं झालं नाही. स्पर्धेत साठ गोळ्या नीट मारायच्या तर वर्षभर हजारो माराव्या लागतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यातली प्रत्येक गोळी महाग होत गेली आहे.

नोकरीनिमित्त कतारमध्ये राहणाऱ्या आणि मुलाला किंवा मुलीला या खेळात घातलेल्या मराठी आईवडिलांसाठी हा लेख आहे. बिल वाढलं की कोणीतरी हमखास सुचवतं की अमेरिकेत लोक वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात, अर्ध्या पैशात काम होतं, मग आपणही का करू नये? कोकणातून आलेल्या माणसाला तर यात काहीच नवल वाटत नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक सिंधुदुर्गात घरोघरी पाहिलेली असते. दारू घालायची, ठासायची, छर्रे घालायचे, हे त्याने लहानपणी अंगणात पाहिलेलं असतं.

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुमचं मूल ज्या बंदुकीने खेळतं तिची गोळी बहुधा पुन्हा भरताच येत नाही. जी भरता येते ती कतारमधल्या फ्लॅटमध्ये भरायला बसलात, तर कायदाही मोडेल आणि घरही धोक्यात येईल. पैसे वाचवायची जागा दुसरीकडे आहे आणि तिथे खरोखरच बरेच पैसे वाचतात.

आधी भाव का चढले ते पाहू. त्यावरून खरेदी कशी करायची हे ठरतं.

काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, ठिणगी देणारं प्रायमरचं रसायन, दारू आणि शिशाची गोळी. आजची धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते आणि नायट्रोसेल्युलोज कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जो आखूड तंतू चिकटून राहतो, तो तेलगिरणीत काढून घेतात. त्याला लिंटर म्हणतात आणि दारूच्या कारखान्यांना तोच हवा असतो. त्याच्या जागतिक पुरवठ्यात चीनचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोपातले कारखाने तोफगोळ्यांच्या मागे लागले. तोफेलाही हाच कच्चा माल लागतो, त्यामुळे खेळाच्या काडतुसांना रांगेत मागे उभं राहावं लागलं. त्याआधीच्या करोनाकाळात अमेरिकेत लोकांनी काडतुसांचे साठे करून ठेवले होते, ती तूटही पुरती भरून निघाली नव्हती.

दुसरं कारण अँटिमनी. शिसं कडक करायला हा धातू त्यात मिसळतात आणि प्रायमरच्या मिश्रणातही त्याचं संयुग असतं. १५ सप्टेंबर २०२४ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि त्या एका वर्षात त्याचा जागतिक भाव तिपटीच्या आसपास गेला. तिसरं कारण मालकीचं आहे. आरडब्ल्यूएस हा नेमबाजांचा आवडता ब्रँड २०२२ मध्ये इटलीच्या बेरेटा समूहाकडे गेला. लापुआ आणि दारू बनवणारी विहटावुओरी या दोन्ही नाम्मो या एकाच नॉर्डिक कंपनीच्या. फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन हे अमेरिकी ब्रँड नोव्हेंबर २०२४ मध्ये चेक समूहाने विकत घेतले. विकणारे हात थोडे आणि सैन्याची मागणी पुढ्यात, अशा बाजारात भाव लवकर उतरत नाहीत.

कतारमधल्या माणसाला यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे, म्हणून इथे महागाई डॉलरमध्ये मोजायची सवय लागते. पण स्पर्धेच्या दर्जाची .२२ काडतुसं येतात इंग्लंड आणि जर्मनीतून. ईली बर्मिंगहॅमची, आरडब्ल्यूएस फ्यूर्टची, लापुआची .२२ जर्मनीतल्या श्योनेबेकची. त्यांचा भाव पाउंड आणि युरोत ठरतो. युरो चढला की अमेरिकेत काही न घडताही तुमचं बिल चढतं. क्लबची मोठी मागणी कधी नोंदवायची, हे ठरवताना युरोच्या दराकडे बघा.

आता भरण्याबद्दल. दहा मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलात दारूच नसते. हवेच्या दाबाने शिशाचा साडेचार मिलिमीटरचा पेलेट सुटतो आणि लक्ष्यावर चेपून संपतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला जागतिक सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. नव्या मुलांपैकी बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, आणि इथे पुन्हा भरण्यासारखं काही नसतंच.

पन्नास मीटर रायफल आणि पंचवीस मीटर पिस्तूल यांना .२२ लाँग रायफल हे काडतूस लागतं, ज्याला रेंजवर सगळे पॉइंट टू-टू म्हणतात. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच काडतुसावर कांस्य जिंकलं. त्याच्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचं त्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचलं. या खेळात गोळीचा भाव घराला कुठे टेकवतो, हे कळायला दुसरा दाखला नको. हे काडतूस रिमफायर आहे. ठिणगीचं रसायन पुंगळीच्या बुडाशी, बाहेर आलेल्या काठाच्या पोकळीत भरलेलं असतं. पिन त्या काठावर आपटते आणि काठ चेपतो. वेगळा काढून नवा बसवायला प्रायमर असा नसतोच, म्हणून एकदा झाडलेली पुंगळी भंगारात जाते. ती घरी भरण्याची किट काही देशांत विकली जातात, पण त्यात आघाताने पेटणारं रसायन स्वतः कालवून काठात भरावं लागतं. काडतुसातला सर्वांत तापट भाग तोच. मुलांच्या घरात असलं किट येऊच देऊ नये. शिवाय त्यातून निघणारी गोळी स्पर्धेच्या कामाची नसते ती नसतेच.

राहिली बारा बोअर, म्हणजे शॉटगन. कतार हा शॉटगनचा देश आहे. नासर अल-अतियाने लंडन २०१२ मध्ये स्कीटचं, म्हणजे उडत्या तबकड्या टिपण्याच्या प्रकाराचं, कांस्य आणलं, आणि डकार रॅली जिंकणारा माणूसही तोच. एप्रिल २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकसाठीची शॉटगनची शेवटची पात्रता स्पर्धा दोह्यातच झाली आणि महेश्वरी चौहानने स्कीटमध्ये भारताला जागा मिळवून दिली. बारा बोअरचं काडतूस पुन्हा भरता येतं, पण हिशेब मांडून बघा. नियमाप्रमाणे एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं. पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीला ६०० ग्रॅम, आणि स्कीटच्या १२५ तबकड्यांना तीन किलो. कारखाना हे शिसं टनाच्या भावाने घेतो, तुम्ही घेणार पिशवीच्या भावाने. बारा बोअरची साधी सरावाची काडतुसं घरी भरून फारसं काही वाचत नाही, हे जिथे भरणं कायदेशीर आणि सर्रास आहे तिथले अनुभवी लोकही सांगतात. वाचतं ते कमी खपाच्या, म्हणून दुकानात महाग पडणाऱ्या बोअरमध्ये.

मग भरण्याचा फायदा खरा होतो कुठे? सेंटरफायरमध्ये, म्हणजे ज्या पुंगळीच्या बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो तिथे. २००६ च्या दोहा आशियाई खेळांत जसपाल राणाने अंगात ताप असताना तीन सुवर्णपदकं घेतली आणि २५ मीटर सेंटरफायर पिस्तुलात ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्या प्रकारची पुंगळी तपासून, साफ करून, मापात आणून पुन्हा वापरता येते. तीनशे मीटर रायफलवालेही हेच करतात. पैसे वाचतात ते पितळाचे, कारण पुंगळी हा काडतुसातला महागडा भाग असतो आणि तो पुन्हा पुन्हा चालतो. पण प्रायमर, दारू आणि गोळी दरवेळी नवीच लागतात आणि महागाई नेमकी तिथेच झाली आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे बचतीचे आकडे आज कोणी सांगितले तर ते धरू नका.

कतारमधून पुढे तुमची बदली अशा देशात झाली जिथे हे परवान्याने करता येतं, तर साधं गणित करा. समजा प्रेस, साचे, तराजू, मापं मिळून २,००० रियाल खर्च आला आणि विकतच्या काडतुसापेक्षा एका गोळीमागे अर्धा रियाल वाचला, तर पहिल्या ४,००० गोळ्या फक्त अवजारांची किंमत फेडण्यात जातील. वर्षाला पाचशे झाडणाऱ्याने या फंदात पडू नये. ज्याला करायचंच आहे त्याने क्लबमधल्या जाणत्या माणसाशेजारी बसून शिकावं, दारू बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या कोष्टकाबाहेर एक कणही जाऊ नये आणि टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवावी. अपघात बहुतेक वेळा दोन प्रकारे होतात. लक्ष विचलित झालं आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, की बंदूक फुटते. दारू पडलीच नाही, तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फाडते.

दारूचं भय आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना समजावून सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. खडकी, वरणगाव, भंडारा या गावांत पिढ्यान्‌पिढ्या दारूगोळ्याचं काम चालत आलं आहे. तिथे प्रशिक्षण आहे, अंतर राखून बांधलेल्या इमारती आहेत, आणि तरीही असं घडतं. नज्मा किंवा मन्सुराच्या एखाद्या इमारतीत, शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना, हे काम कोणी मनातही आणू नये.

कायद्याकडे येऊ. कतारमध्ये शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं यांच्यासाठी १९९९ चा १४ क्रमांकाचा कायदा आहे, आणि परवान्याचा अधिकार गृह मंत्रालयाकडे आहे. परवान्याशिवाय बाळगणं, आणणं, बनवणं यातलं काहीही परदेशी माणसाने करू नये. त्याचा नुसता दंड भरून निभावत नाही, नोकरी आणि निवास-परवाना दोन्ही पणाला लागतात. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ बोअरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यामुळे पुण्यात दुकानातून सरळ विकत घेतलेली रायफल सुट्टीवरून येताना बरोबर आणायची, असा विचार अनेकांच्या मनात येतो. आणू नका. कतारच्या विमानतळावर भारताचा नियम दाखवून उपयोग नाही. आधी इथल्या संघटनेकडून किंवा क्लबकडून कळवून घ्या, मंत्रालयाची लेखी परवानगी हातात येऊ द्या, मग तिकीट काढा. सुरुवातीची दोन वर्षं रेंजची बंदूक वापरून काहीही बिघडत नाही.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा काडतूस भरण्याला आणि बनवण्याला परवान्याच्या चौकटीत ठेवतो. गावी कोणी भरून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

विमानप्रवासाचे नियम बहुतेकांना अर्धवटच माहीत असतात, म्हणून नीट सांगतो. खेळाची काडतुसं केबिनमध्ये कधीच चालत नाहीत. चेक-इन सामानात, विमान कंपनीची आगाऊ परवानगी घेऊन, घट्ट पेटीत बंद करून, एका प्रवाशाला डब्यांसकट ५ किलोपर्यंत नेता येतात. .२२ च्या हिशेबाने ही साधारण तेराशे-चौदाशे काडतुसं होतात, तर बारा बोअरची जेमतेम सव्वाशे-दीडशे. बापलेकांनी दोघांचे मिळून दहा किलो एका पेटीत भरायचे नाहीत. ही झाली विमानाची मर्यादा. दोन्ही देशांची परवानगी त्याशिवाय वेगळी लागतेच. सुटी दारू आणि सुटे प्रायमर प्रवाशाच्या सामानात कुठल्याही परिस्थितीत चालत नाहीत. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाईकाला ते आणायला सांगणं म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारात उभं करणं आहे. पेलेट स्फोटक नसतात, पण क्ष-किरणात शिशाचे गच्च डबे दिसले की बॅग उघडली जाणारच. क्लबचं पत्र जवळ ठेवा.

आणि रेंजवर नेलेली बॅग सुट्टीच्या प्रवासाला कधीही वापरू नका. कोपऱ्यात, शिवणीत एखादं काडतूस राहून जातं. भारतात अशा प्रसंगी, ते जवळ असल्याची जाणीव माणसाला होती का, हे न्यायालयं पाहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ मधल्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाचा आधार त्यासाठी घेतला जातो. पण तोवर विमान सुटलेलं असतं, गुन्हा नोंदलेला असतो आणि वकील शोधणं चालू असतं. दुसऱ्या देशात तेवढा आधारही गृहीत धरता येत नाही. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि तिच्यावर ठळक खूण करा.

आता खऱ्या बचतीकडे. आधी किती लागतात ते मोजा. आठवड्यात चार सत्रं, प्रत्येकी ८० गोळ्या, सुट्ट्या आणि परीक्षा वगळून वर्षाचे ४६ आठवडे धरले तर होतात १४,७२० गोळ्या. एअरवाल्याला ५०० चे जवळपास तीस डबे, .२२ वाल्याला पाच-पाच हजारांचे तीन खोके. यातल्या दोन सत्रांत बंदूक न झाडता सराव केला की आकडा ७,३६० वर येतो. पुंगळ्या भरून यापेक्षा जास्त कोणी वाचवलेलं नाही.

रेंजच्या भाषेत याला ड्राय म्हणतात. रिकाम्या बंदुकीने उभं राहायचं, श्वास धरायचा, नेम स्थिर होऊ द्यायचा, ट्रिगर दाबायचा आणि दाबल्यानंतरही बंदूक हलली का ते बघायचं. पालकांना वाटतं की आवाज झाला नाही, भोक पडलं नाही, म्हणजे सराव झालाच नाही. मला मात्र ठामपणे वाटतं की पहिल्या वर्षात मुलाचा निम्म्याहून अधिक वेळ ड्रायमध्येच गेला पाहिजे, आणि भाव आज निम्मे झाले तरी मी हेच सांगेन. गोळी सुटली की मूल लगेच स्क्रीनकडे बघतं आणि आपल्या खांद्याने काय केलं ते विसरून जातं. ड्रायमध्ये बघायला स्क्रीन नसते, म्हणून ते स्वतःच्या शरीराकडे बघायला शिकतं. बहुतेक मॅच एअर रायफलींना ड्रायची सोय असते. .२२ मध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढल्याने पिन किंवा चेंबरचा काठ खराब होऊ शकतो, म्हणून बंदुकीच्या पुस्तिकेत काय म्हटलं आहे ते वाचा आणि कोचकडून ड्राय प्लग मागून घ्या. स्कॅटसारखं नळीवर बसवायचं यंत्र असेल तर नेमाची वाट पडद्यावर दिसते. ते महाग आहे, पण चार-पाच घरांनी मिळून किंवा क्लबने घेतलं तर वर्षभरात काडतुसांतून त्याची किंमत निघून जाते.

थ्री पोझिशनवाल्यांसाठी आणखी एक. उभ्या स्थितीत सर्वांत जास्त गोळ्या वाया जातात, कारण मूल थकलेलं असतानाही झाडत राहतं. उभ्याचा रोजचा सराव दहा मीटरला, एअर रायफलवर करा आणि पॉइंट टू-टू आठवड्यातल्या ठरावीक दिवसांसाठी राखून ठेवा. सत्राला जाताना मोजून गोळ्या द्या. खिशात साठ असलेलं मूल प्रत्येक गोळीचा विचार करतं.

दुसरी बचत बॅचची. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांच्या दोन बॅचेस एकाच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात, म्हणजे गोळ्या लक्ष्यावर कमी-जास्त दाटीने बसतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन ईलीच्या, लापुआच्या किंवा आरडब्ल्यूएसच्या चाचणी केंद्रावर जातात, बंदूक शिकंज्यात बसवून बॅचेस तपासतात आणि जी जमली ती हजारोंनी उचलतात. तुम्हाला जर्मनीला जायची गरज नाही. क्लबकडे ज्या दोन-तीन बॅचेस असतील त्यांतून पन्नास-पन्नास गोळ्या घेऊन कोचसमोर टेबलावर टेकून ग्रुप काढा. ग्रुप किती मोठा चालेल, याचंही गणित आहे. पन्नास मीटर रायफलचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळी ५.६ ची. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं. एखादं मधल्या दर्जाचं काडतूस तुमच्या नळीतून सोळा मिलिमीटरच्या आत ग्रुप देत असेल, तर शिकणाऱ्या मुलासाठी सर्वांत महागडा डबा घेणं निव्वळ उधळपट्टी आहे. त्याचे आठ आणि सात काडतुसामुळे येत नसतात. जिल्हा-राज्य पातळीच्या पुढे गेल्यावर, दशांशावर निकाल लागायला लागले की महागडी बॅच घ्या, आणि तीही स्पर्धेसाठी आणि त्याआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठीच.

पेलेटचंही तसंच. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत ते येतात आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच रुचतं. मोठी खरेदी करण्याआधी एकेक डबा आणून पाहा. रायफलचे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तुलाचे त्याहून हलके. घाईत भलताच डबा आणला की अख्खा पडून राहतो.

खरेदी एकट्याने करू नका, आणि कतारमध्ये काडतुसांच्या बाबतीत तर तसं करूच नये. परवाना आणि साठवण दोन्ही क्लबकडेच असू द्या. पालकांनी मिळून क्लबला वर्षाचा अंदाज लेखी द्यावा, एकाच बॅचची मागणी नोंदवायला सांगावं आणि पैसे आगाऊ देण्याची तयारी ठेवावी. महाराष्ट्र मंडळ आणि इंडियन स्पोर्ट्स सेंटर या ओळखीच्या ठिकाणी चौकशी केलीत तर या खेळातली इतर भारतीय घरं भेटतील. चार घरांची मागणी एकत्र गेली की कुणाला तरी ती ऐकावी लागते.

उन्हाळ्याबद्दल एक सक्त सूचना. जूनमध्ये दोह्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. .२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. तो वितळला की नळीत गोळीचं वागणं बदलतं. तापलेल्या दारूचा दाबही चढतो. काडतुसं आणि एअर रायफलचा दाबाने भरलेला हवेचा सिलिंडर, दोन्ही गाडीत सोडायचे नाहीत. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघा. उत्पादनापासून साधारण दहा वर्षांनी तो बाद होतो आणि तशा सिलिंडरवर स्पर्धेत उतरू देत नाहीत. जुनी रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हा खर्च किमतीत धरावा.

शिशाबद्दल मी जरा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. रेंजवर डबा उघडून खाणं नको, पेलेट ओठांत धरणं तर मुळीच नको. सत्र संपलं की साबणाने हात आणि तोंड धुवायचं, मग पाणी प्यायचं. रेंजचे कपडे वेगळे धुवा आणि बूट दाराबाहेर ठेवा. धाकटं भावंड रांगत असेल त्या घरात तर हे पाळलंच पाहिजे. पैसे वाचवायला म्हणून झाडलेले पेलेट गोळा करून घरी वितळवण्याची कल्पना कोणी मांडली तर तिथल्या तिथे थांबवा. शिशाची वाफ आणि धूळ स्वयंपाकघरातून निघता निघत नाही.

कतार सोडून पुण्याला किंवा कोल्हापूरला परत जाण्याची वेळ आली की उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न येतो. पैसे मोजलेले असतात, म्हणून त्या घेऊन जाव्याशा वाटतात. त्या क्लबच्या नोंदवहीत जमा करून पावती घ्या आणि रेंजवरच्या दुसऱ्या मुलाला वापरू द्या. मुलाची गुणपत्रकं, कोचचं पत्र आणि कोणत्या नळीला कोणती बॅच जमली याची नोंदवही मात्र बरोबर न्या. बालेवाडीत किंवा दुधाळीच्या रेंजवर नाव घालताना ही कागदपत्रं उपयोगी पडतात, आणि तिथल्या नव्या कोचला मुलाची तयारी पहिल्या दिवशीच कळते.